फाटका आवाज आणि जवारीचा दोरा

"वाजवा की," मामा म्हणाले, आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून चक्क डोळे मिटून बसले.

गणपती आठ दिवसांवर आले होते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या मामांच्या त्या जिन्याखालच्या दुरुस्तीच्या खोलीत बेंजो पार्ट्यांचे अँप एकावर एक रचलेले. कुणाचा स्पीकर उघडा, कुणाचा बोर्ड बाहेर लोंबतोय. त्या गर्दीत मी माझ्या अँपचं पंचवीस किलोचं धूड रिक्षातून उतरवून आणलं होतं. तक्रार एकच: आवाज फाटतोय. महिनाभर फाटत होता. त्याआधी एका दुकानात दाखवला, तिथं स्पीकरचा कोन बदलून दिला, पैसे घेतले. घरी येऊन लावला तर आवाज होता तसाच.

मी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि एक तार छेडली. मामांनी हात वर केला.

"तसं न्हवं. एकच सूर लावा आन् सोडून द्या. मरंपर्यंत ऐकायचा."

सोडून दिला. सूर निघाला तो गोल, भरलेला. तीन-चार सेकंद तसाच राहिला, मग विरत चालला. आणि विरता विरता त्याला खरखर लागली, जणू जाता जाता कुणी त्याला काटेरी कुंपणातून ओढून नेत होतं. महिनाभर मी हे वाद्य वाजवत होतो आणि खरखर सुराच्या सुरुवातीला नसून शेवटाला आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"शेपटीला काटं हाईत," मामा म्हणाले. "स्पीकर न्हवं ओ हे. उगंच बदललासा."

डोळे मिटलेलेच होते. अजून त्यांनी अँपला हातही लावला नव्हता.

आता हे वाद्य कुठलं, ते आधी सांगायला हवं, कारण निम्मं गूढ त्यातच आहे. स्टील गिटार म्हणजे आपल्याकडची हवाईयन गिटार. ती उभी धरत नाहीत, मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात, आणि डाव्या हाताची बोटं तारेवर दाबण्याऐवजी पोलादाची एक गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवतात. वाजवणारे तिला बार म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोरानं ही युक्ती काढली, असं तिकडं मानतात. आपल्याला तिचं फारसं नवल वाटायचं कारण नव्हतं. तारेवरून काहीतरी घासत नेऊन मींड काढणं विचित्र वीणेत होतं, दक्षिणेच्या गोट्टुवाद्यात होतं. म्हणूनच हे परदेशी वाद्य आपल्याकडं इतक्या लवकर रुळलं असावं. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांनी त्यावर सिनेमाची गाणी वाजवून घरोघरी पोचवली. ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग मांडले, आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीनं ते बसवलं.

फार लोकांना ठाऊक नसतं, पण जगातली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार ही स्टील गिटारच होती. १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी ती घडवली. गोल अंग, लांब मान. लोक तिला तळणीचा तवाच म्हणू लागले. म्हणजे गिटार आणि अँप यांची गाठ पहिल्यांदा या आडव्या वाद्यानं घातली. पेटंट हातात पडायला मात्र १९३७ चा ऑगस्ट उजाडला.

स्टील गिटार अँपच्या बाबतीत निर्दय असते. तिचा सूर लांब टिकतो आणि त्यात फारशी भेसळ नसते. ढोलाच्या किंवा ताशाच्या आवाजात अँपचं एखादं पाप खपून जाईल. इथं पांढऱ्या धोतरावर पडलेल्या डागासारखं लगेच दिसतं. शिवाय तिच्या पिकअपला तारेचे वेढे भरपूर असतात, त्यामुळं साध्या गिटारपेक्षा जोरकस सिग्नल अँपच्या पहिल्याच पायरीवर येऊन आदळतो. आणि पायाखाली व्हॉल्यूम पेडल असतं. सूर विरू लागला की वाजवणारा पेडल दाबत जातो, म्हणजे सुराचा तो मरणासन्न भाग आणखी मोठा करून ऐकवतो. एवढी उघडी तपासणी दुसरं कुठलं वाद्य अँपची करत नसेल.

तर फाटणं म्हणजे काय?

अँपचं काम ऐकायला सोपं आहे. तारेकडून आलेला इवलासा सिग्नल मोठा करायचा. आकार तोच, माप मोठं. दुप्पट आत आलं तर दुप्पट बाहेर. हा नियम जोवर पाळला जातो तोवर आवाज स्वच्छ. जिथं मोडतो तिथं फाटला. मोडायचे रस्ते मात्र अनेक. सगळ्यात नेहमीचा म्हणजे ताकदीबाहेर मागणी. समजा अँपच्या आतल्या वीजपुरवठ्यातून वर ३५ व्होल्ट आणि खाली ३५ व्होल्टच मिळताहेत आणि लाटेला जायचंय ५० पर्यंत. ती ३५ ला जाऊन डोकं आपटते. टेकडीचा शेंडा असावा तिथं सपाटी येते. पन्हाळ्याच्या पुढं गेलात की डोंगर चढता चढता एकदम मसाई पठार लागतं ना, तस्सं. लाटेमागून लाट, प्रत्येकीचं मसाई पठार.

आणि इथं पहिलं नवल. शेंडा छाटला म्हणजे आवाजातून काहीतरी वजा झालं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात भर पडते. फूरिये या फ्रेंच गणितज्ञानं १८२२ साली उष्णतेवरच्या ग्रंथात जे मांडलं, त्यानुसार पुन्हा पुन्हा येणारी कुठल्याही आकाराची लाट म्हणजे साध्या लाटांची बेरीजच असते. मऊ टेकडीचं चौकोनी पठार करायचं तर तिप्पट, पाचपट, सातपट वेगाच्या लाटा तिच्यात मिसळाव्या लागतात. अँप शेंडा छाटतो तेव्हा नेमकं हेच होतं. तुम्ही सा वाजवला; तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, पाचपट म्हणजे त्याहून वरचा शुद्ध गंधार. सातपट असतो एक कोमल निषादासारखा, पण आपल्या निषादापेक्षा उतरलेला. एक तार छेडली, आणि कुणीही न वाजवलेले स्वर पेटीतून बाहेर आले.

हे समजलं तेव्हा मी जरा गडबडलो. कारण सा छेडला आणि गंधार आपोआप ऐकू आला, याला आपल्याकडं फाटणं म्हणत नाहीत. आपल्याकडं त्याला तंबोरा उत्तम लागला असं म्हणतात.

कोल्हापूरहून रेल्वेनं तासाभरात मिरज येतं. तिथं सतारमेकरांच्या कित्येक पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवत आल्यात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या दुकानांत सगळ्यात अवघड काम कुठलं, तर भोपळा कोरणं नव्हे, नक्षी तर नव्हेच. जवारी. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, रुंद असते, आणि तिच्या पाठीला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेखाली एक सुती दोरा सरकवतात, तोच जीवा. दोरा केसभर इकडं-तिकडं झाला की आवाज बंद पडतो किंवा बोंबलतो. नेमका जागेवर बसला की तार बोलू लागते आणि तिच्यातून स्वरांचा धूर निघाल्यासारखा होतो. कारागीर कानस घेऊन घोडीची पाठ घासत बसतो, ऐकतो, पुन्हा घासतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर एक छोटा निबंध लिहिला. थॉमस यंग यांच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम होता: तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथं ज्या उपस्वराची स्थिर गाठ असेल तो उपस्वर उमटणारच नाही. पाश्चात्त्य वाद्यांना हे लागू पडतं. रामन यांनी तंबोरा आणि वीणा घेतली, तार मुद्दाम त्या गाठींवर छेडली, आणि जे उपस्वर उमटायलाच नको होते ते ठणठणीत ऐकू आले. कारण ती रुंद, उताराची घोडी. तार कमी हलली तर घोडीला एका प्रकारे भेटते, जास्त हलली तर दुसऱ्या प्रकारे. दुप्पट आत तर दुप्पट बाहेर, हा नियम इथं मोडतो.

म्हणजे गणिताच्या भाषेत जवारी आणि फाटका अँप यांचं गोत्र एकच. दोन्हीकडं नियम मोडतो, दोन्हीकडं न वाजवलेले स्वर जन्मतात. मग एक ऐकून डोळे मिटावेसे वाटतात आणि दुसरं ऐकून अँप रिक्षात घालावासा वाटतो, असं का?

मी मामांना विचारलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातली गिटार जराशी कलती केली आणि म्हणाले, "आता दोन तारा वाजवा. एकदम."

वाजवल्या. आणि उत्तर पेटीतूनच आलं. एका तारेवर जी नुसती खरखर होती, ती दोन तारांवर भांडण झाली.

तंबोऱ्याच्या चारही तारांची जवारी वेगवेगळी असते. चार तारा, चार दोरे. पंचमाच्या तारेची खटपट पंचमापुरती, खर्जाची खर्जापुरती. एकीच्या घरातलं दुसरीच्या घरात जात नाही. प्रत्येक तार फक्त आपल्याच सुराच्या पटीतले स्वर वाढवते, आणि ते तिचे सख्खेच असतात. अँपमध्ये मात्र माझ्या गिटारच्या आठही तारा एका वायरीतून जातात. नियम मोडणारी जागा एकच, आणि सगळ्यांना त्याच चिंचोळ्या बोळातून जायचं. तिथं एक तार दुसरीला धक्का देते, आणि दोघींच्या बेरजा-वजाबाक्यांतून तिसरेच स्वर निघतात.

आकडे घेऊन बघा. एक तार सेकंदाला २०० वेळा हलतेय, दुसरी ३००. हा सा आणि हा प. नियम मोडला की बाहेर येतात ३०० वजा २०० म्हणजे १००, बेरीज ५००, आणि एकीची दुप्पट वजा दुसरी या हिशेबानं पुन्हा १०० आणि ४००. सगळे शंभराच्या पाढ्यातले. कुणी परका नाही. रॉकवाले गिटार फाडून वाजवतात तेव्हा बहुतेक सा-प याच जोडीवर का राहतात, त्याचं कारण हे. आता पंचमाऐवजी कोमल गंधार घ्या, २४०. वजाबाकी ४०, ही खाली कुठंतरी गुरगुर. मग १६०, हा मंद्रातला कोमल धैवत. मग २८०, एक विचित्र तीव्र मध्यम. सा आणि कोमल गंधार वाजवणाऱ्याच्या मांडीवरून मध्यम आणि धैवत निघाले! आणि स्टील गिटार तर तिसऱ्या-सहाव्या स्वरांच्या जोड्यांवरच जगते. तिच्या एका नेहमीच्या जुळणीत सा, ग, प, ध असे चारही स्वर शेजारी-शेजारी असतात. फाटक्या अँपमध्ये तिची जेवढी फजिती होते तेवढी दुसऱ्या कुणाची होणार?

यातलं सगळ्यात भुताटकीचं दृश्य घरी करून बघता येतं. एक तार मोकळी सोडा, समजा २०० वर. दुसरीवर बार ठेवून २२० पासून ३०० पर्यंत सावकाश वर सरकवत न्या. फाटक्या अँपमध्ये पहिलीची दुप्पट वजा दुसरी हा भुताचा स्वर १८० वरून १०० वर उतरत जातो. तुमचा हात वर चढतोय, खोलीत कुणीतरी खाली उतरतंय. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागं वळून बघितलं होतं.

बाहेर रस्त्यावर तेवढ्यात कुठल्याशा मंडळाच्या डॉल्बीची चाचणी सुरू झाली आणि मामांच्या कपाटाची काच थरथरली. डॉल्बी हा शब्द आपण कोल्हापूरकरांनी काय करून ठेवलाय, बघा. रे डॉल्बी हा माणूस १९६३ ते ६५ अशी दोन वर्षं युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. परत जाऊन लंडनमध्ये त्यानं कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आणि आपल्याकडं त्याच्या नावानं काय ओळखलं जातं, तर खिडक्या हादरवणारी स्पीकरची भिंत.

आवाज थांबेपर्यंत मामांनी चहा सांगितला. मग दुरुस्ती सुरू झाली, म्हणजे प्रश्न सुरू झाले. आवाज कधी फाटतो, एवढंच त्यांना हवं होतं. छेडल्याबरोबर फाटत असेल आणि पुढं साफ होत असेल तर ताकदीबाहेरची मागणी, मसाई पठार. व्हॉल्यूम कमी करा, अँपला दोष नाही. एकाच ठरावीक स्वरावर घुर्र होत असेल तर सैल स्क्रू, जाळी, खोक्याची फळी, नाहीतर स्पीकरची कॉइल घासतेय. कॉइल ज्या फटीत हलते तिथं दोन्हीकडं मिळून मोकळी जागा मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते. कोल्हापुरात या फटीचा एक खास शत्रू आहे. उद्यमनगरात, शिरोलीत फाउंड्र्या आणि लेथ. तिथल्या शेडच्या माळ्यावर मंडळाचे स्पीकर वर्षभर पडून असतात. हवेतला लोखंडाचा कीस स्पीकरचं चुंबक शोधत येतो आणि फटीत जाऊन बसतो. मामा दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच आत दाबून कान लावतात. कीस असेल तर वाळूवर चप्पल घासल्यासारखा आवाज येतो. माझ्या स्पीकरला तो नव्हता. हे मघाच्या दुकानात कुणी दाबून बघितलं असतं तर माझे पैसे वाचले असते, पण जाऊ द्या.

आणि शेपटीला काटे असतील तर मामांच्या लेखी आरोपी दोनच. पहिला म्हणजे शेवटच्या टप्प्यातली जोडी. बहुतेक अँपमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा अर्धा दुसरा, लाकूडकटाईच्या मोठ्या करवतीला दोन टोकांना दोन माणसं असतात तसे. एकानं सोडायच्या आधी दुसऱ्यानं ओढायला लागलं पाहिजे. त्यांचं जमलं नाही तर मधे एक रिकामी जागा पडते. मोठ्या लाटेत ती जागा लपते. लाट बारीक झाली की जागाच जागा उरते. म्हणून जोरातला आवाज साफ आणि विरणारा काटेरी. दुसरा आरोपी, कुठंतरी एखादा जोड नीट टेकत नाही. ड्राय सोल्डर, सैल पट्टी, काहीही.

यातला खरा कोण, हे शोधायला मामांनी अँप उघडला नाहीच. खोक्याच्या मागच्या बाजूला दोन जॅक होते, मी कधी न वापरलेले. एकातून पहिल्या टप्प्याचा आवाज बाहेर काढता येतो, दुसऱ्यातून थेट ताकदीच्या टप्प्यात आवाज घालता येतो. मामांनी मोबाइलवरचं गाणं दुसऱ्या जॅकमध्ये घातलं आणि आवाज बारीक, अगदी कानाला लागेल-न-लागेल इतका केला. स्वच्छ. म्हणजे करवत ओढणारे दोघं ठीक, स्पीकरही ठीक. मग गिटार पहिल्या टप्प्यात, आणि तिथून वायर काढून बाकावरच्या एका बेंजोच्या अँपमध्ये. तेही स्वच्छ. विरेपर्यंत स्वच्छ.

मी बघतच राहिलो. अलीकडचा निम्मा निरोगी, पलीकडचा निम्मा निरोगी, दोघं जोडले की आजारी!

"मग बिघडलंय काय?" मी विचारलं.

"जोड," मामा म्हणाले. त्यांनी वीतभर लांबीची एक वायर घेतली, एक टोक या जॅकमध्ये, दुसरं त्या जॅकमध्ये खुपसलं. "वाजवा."

सा लावला. सोडून दिला. विरत विरत शेवटपर्यंत गेला आणि शांतता कुठं सुरू झाली ते कळलं नाही.

त्या जॅकमध्ये एक पातळ पट्टी असते. पिन घातलेली नसताना ती दुसऱ्या पट्टीला टेकून राहते आणि आवाज तिच्यातूनच पुढं जातो. पिन घातली की ती उचलली जाते. म्हणजे मी कधी न वापरलेल्या त्या भोकातून माझा प्रत्येक सूर जात होता. वर्षानुवर्षं न हललेली ती पट्टी आपल्या पावसाळ्यांत काळी पडली होती. मामा म्हणाले, वर चांदीचा मुलामा असतो. हुपरीची पैंजणं काळी पडतात तशीच ही.

दुसरं नवल इथं होतं, नखाएवढ्या काळ्या डागात. चांदीवरचं काळं म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली याच पदार्थात एक उलटी गोष्ट टिपली: धातू तापले की विजेला जास्त अडवतात, हा तापला की कमी अडवतो. सेमीकंडक्टरच्या वागणुकीची ही पहिली नोंद समजतात. पुढं जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा, खडा घेऊन रेडिओलहरी पकडणारं साधन बनवलं. १९०१ साली अर्ज करून १९०४ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं. धातूचं टोक अशा खड्याला टेकलं की वीज एका दिशेनं सहज जाते, उलट दिशेनं अडखळते. माझ्या अँपच्या पाठीत पावसानं असाच एक ओबडधोबड जोड फुकटात घडवला होता. जोरदार लाट आली की ती काळ्या थराला न जुमानता पार व्हायची, बारीक लाट अडखळायची, म्हणून काटे शेपटीलाच. गेल्या आषाढात एका रात्री माझ्या अँपमधून अगदी पुसट आवाजात आकाशवाणी सांगलीच्या बातम्या ऐकू आल्या होत्या आणि घरात कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, त्याचा उलगडाही मला तिथं बाकावर बसल्या बसल्या झाला.

मामांनी बोर्ड बाहेर काढला तो मुख्य वायर उपटून आणि कंडेन्सर रिकामे करूनच. घरी कुणी हे करू नये, विशेषतः व्हॉल्व्हचा अँप असेल तर अजिबात नाही. वीज बंद केल्यावरही त्यात चारशेच्या वर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. पट्टीवर त्यांनी क्लीनरचा एक फवारा मारला आणि एका जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी दोन पात्यांमध्ये घालून मागं-पुढं ओढली. कागदावर काळी रेघ उमटली. महिनाभराची माझी तक्रार ती एवढीच. सँडपेपर का नाही, विचारलं तर म्हणाले, "चांदीच खरडून जाईल की. मग पुढच्या पावसाळ्याला परत या."

असल्याच एका बिघाडानं दूर देशी संगीताचा रस्ता वळवलाय. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या, १९६१ साली बाजारात आलेल्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंगच्या टेबलाचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बासचा आवाज फाटला. त्यांनी तो तसाच ठेवला. ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञानं तो बिघाड एका छोट्या डबीत मुद्दाम घडवून आणला. १९६२ मध्ये ती बाजारात आली आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यानं जगभर पोचली. पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्यांचं माहेरघर तेच शहर. एका गल्लीत आवाज फाडायची डबी, शेजारच्या गल्लीत न फाटणारा अँप शोधणारे. मी दुसऱ्या गल्लीतला, पण डबीवाल्यांवर माझा राग नाही. मिरजेच्या इतक्या जवळ राहून तो धरताही येत नाही.

पैसे देऊन उठणार, तर मामांनी पुन्हा हात वर केला. गिटार बाजूला ठेवलेली, अँप नुसताच चालू. "ऐकताय का?" खोल, बारीक एक गुणगुण होती. अँपवाले त्याला हम म्हणतात. आपली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा पालटते. अँपमध्ये ती सरळ करताना लाटेचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला येतात, म्हणून गुणगुण १०० ची. कंडेन्सर म्हातारे झाले की ती पुरती गाळली जात नाही. पेटीवर शोधाल तर खालच्या पांढरी पाचच्या किंचित वर. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून तिथली गुणगुण १२०, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध, कुठल्याच पट्टीत नाही. आणि आपल्याकडंही सगळा देश एका सुरात नव्हता. दक्षिणेची ग्रिड वेगळी चालायची. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली, तेव्हा ती उरलेल्या देशाशी जुळली. त्याआधी कोल्हापूरचा अँप आणि इथून सुमारे ११० किलोमीटरवरच्या बेळगावचा अँप एकाच क्षणी जरा जरा वेगळ्या सुरात गुणगुणत असायचे.

"कंडेन्सर दिवाळीनंतर बदलू," मामा म्हणाले. "आत्ता गणपतीची कामं हाईत. तोवर चालतंय."

रात्री घरी अँप लावला. बाहेर डॉल्बी थांबली होती. गुणगुण चालू होती, पांढरी पाचपेक्षा जराशी चढी. दिवाळीला अजून बराच अवकाश होता. मी आठही तारा थोड्या थोड्या चढवून तिला जुळवून घेतल्या आणि बार हातात घेतला.